गोड टोमॅटोची निवड करताना फळ लहान होत जाते. साखर, आकार आणि चव यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न : द्राक्षबागाईतदार, निफाड

नमस्कार. आमची मुख्य बाग द्राक्षाची आहे आणि टोमॅटो हे माझ्या आवडीचे पीक आहे. परसात अनेक वर्षे जपलेला चपटा, कडा असलेला, आंबट गावठी टोमॅटो मादी म्हणून आणि बाजारातील लाल चेरी टोमॅटो नर म्हणून घेऊन मी एक संकर केला. पहिल्या पिढीतील फळांचे बी धरून दुसरी पिढी लावली आणि तिच्यात अपेक्षेप्रमाणे सर्व प्रकारची झाडे निघाली. द्राक्षाची साखर पाहण्यासाठी घरात रिफ्रॅक्टोमीटर असल्यामुळे प्रत्येक झाडाच्या फळांचे ब्रिक्स (रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, पदार्थांचे टक्केवारीतील माप) मोजणे सोपे गेले.

मोजमापातून एक गोष्ट ठळकपणे दिसली. ज्या झाडांची फळे १० ते १५ ग्रॅमची आहेत त्यांचे ब्रिक्स ७ ते ८.५ येते आणि ६० ग्रॅमच्या पुढच्या फळांत ते ४ ते ४.८ च्या दरम्यान अडकून राहते. मला चेरी टोमॅटो नको आहे. निदान ३०-४० ग्रॅमचे, कापून खाता येईल असे गोड फळ हवे आहे. गोडी आणि लहान आकार यांची जनुके एकमेकांना चिकटलेली आहेत आणि अधिक झाडे लावल्यास ती सुटी होतील, की हा वनस्पतीच्या शरीरक्रियेचाच नियम आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

दुसरी शंका चवीविषयी आहे. ८ ब्रिक्सचे एक झाड नुसतेच गोड लागते आणि त्याला टोमॅटोची चवच नाही. उलट ६ ब्रिक्सच्या एका झाडाची फळे घरातील सर्वांनी पुन्हा मागून खाल्ली. मग निवड यंत्राच्या आकड्यावर करावी की जिभेवर?

उत्तर : भाजीपाला पैदासकार (निवृत्त)

आपण अचूक निरीक्षण केले आहे. ही अडचण जगभरातील टोमॅटो पैदासकारांना छळत आली आहे. आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर असे की जनुकांची जवळीक काही प्रमाणात आहे, परंतु मुख्य कारण शरीरक्रियेत आहे. टोमॅटोच्या फळात ९४-९५ टक्के पाणी असते आणि उरलेल्या शुष्क भागात जवळजवळ निम्मी साखर असते, तीही प्रामुख्याने ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची. पाने दिवसभरात जेवढी साखर तयार करतात तेवढीच फळांत वाटली जाते. फळ मोठे करणारी जनुके, उदाहरणार्थ दुसऱ्या गुणसूत्रावरील सुप्रसिद्ध एफडब्ल्यू २.२, पेशींची संख्या वाढवतात. पानांचे उत्पादन वाढवत नाहीत. परिणामी तीच साखर अधिक पाण्यात विरघळते. द्राक्षात घडांची विरळणी केली की उरलेल्या घडांची साखर चढते, हे आपल्याला सांगायला नकोच.

याला आणखी एक रासायनिक बाजू आहे आणि ती मला स्वतःला फार सुंदर वाटते. पानांतून फळाकडे साखर येते ती सुक्रोजच्या रूपात. लागवडीच्या टोमॅटोत इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम) त्या सुक्रोजचे दोन तुकडे करते. रेणूंची संख्या दुप्पट झाली की पेशीचा परासरण दाब वाढतो, पेशी अधिक पाणी ओढते आणि फळ फुगते. सोलॅनम श्मिएलेव्स्की या रानटी जातीत हे विकर अत्यल्प असल्यामुळे तिच्या फळात सुक्रोज तसेच साठून राहते. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील संशोधकांनी लागवडीच्या टोमॅटोत हे विकर दाबून पाहिले, तेव्हा फळांत सुक्रोज साठले आणि फळे सुमारे ३० टक्क्यांनी लहान झाली. म्हणजे आकार आणि साखर यांचा संबंध पेशीतील पाण्याच्या हिशोबापर्यंत जाऊन पोहोचतो.

तरीही हा नियम अभेद्य नाही. १९६२ च्या डिसेंबरमध्ये पेरूतील अपुरिमाक नदीच्या खोऱ्यात ह्यू इल्टिस आणि डोनाल्ड उजेंट हे वनस्पतिशास्त्रज्ञ बटाट्याच्या रानटी नातेवाइकांच्या शोधात फिरत होते. वाटेत दिसलेल्या एका चिकट पानांच्या, हिरवट फळांच्या रानटी टोमॅटोचे बी त्यांनी गोळा केले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील चार्ल्स रिक यांच्याकडे पाठवले. तीच ही श्मिएलेव्स्की जाती. तिला स्वतंत्र जाती म्हणून नाव मिळाले ते १९७६ मध्ये. तिची फळे खाण्याजोगी नव्हती, परंतु रिक यांनी ती लागवडीच्या वाणाशी संकरित केली, पुढे लागवडीच्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करत निवड केली आणि १९७४ मध्ये मोठ्या फळांच्या, तरीही विद्राव्य घन पदार्थ (म्हणजेच ब्रिक्स) लक्षणीय वाढलेल्या ओळी, म्हणजे निवडलेले वंश, प्रसिद्ध केल्या.

त्यानंतरचे मोठे काम इस्रायलमधील हिब्रू विद्यापीठात दानी झमीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. सोलॅनम पेनेली या पेरूच्याच रानटी जातीच्या गुणसूत्रांचे छोटे छोटे तुकडे प्रक्रिया उद्योगाच्या एका वाणात एकेक करून घातलेल्या ओळी त्यांनी तयार केल्या. त्यामुळे कोणत्या तुकड्याने कोणता गुण बदलतो हे वेगळे पाहता आले. नवव्या गुणसूत्रावरील एका तुकड्याने ब्रिक्स वाढत होते. शोध घेता घेता ते २००० मध्ये अवघ्या ४८४ अक्षरांच्या डीएनएपर्यंत पोहोचले आणि २००४ मध्ये सिद्ध झाले की लिन ५ या पेशीभित्तिकेतील इन्व्हर्टेजमधील एकाच अमिनो आम्लाचा हा फरक आहे. रानटी रूपातील विकर साखर फळात अधिक जोमाने ओढून घेते.

आपल्या संकरात हे रानटी जनुक बहुधा नसेल, पण त्यातून मिळणारा, आकार आणि साखर काही अंशी वेगळी करता येतात हा धडा आपल्याला लागू पडतो. ब्रिक्सच्या उतरत्या क्रमाने झाडांची यादी करून वरची निवडू नका, कारण तसे केल्यास आपण नकळत लहान फळांचीच निवड कराल. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर फळाचे सरासरी वजन आणि उभ्या अक्षावर ब्रिक्स मांडा. ठिपके डावीकडून उजवीकडे उतरत जातील. त्यांच्या मधून एक रेषा काढा आणि जी झाडे आपल्या वजनाच्या मानाने रेषेच्या बरीच वर आहेत ती निवडा. ३५ ग्रॅमचे ६.३ ब्रिक्स देणारे झाड हे १२ ग्रॅमच्या ८.५ ब्रिक्सवाल्या झाडापेक्षा आपल्यासाठी कितीतरी मौल्यवान आहे. मात्र त्या झाडावर फळे किती लागली तेही लिहून ठेवा. मोजकीच फळे धरलेले झाड नेहमीच गोड दिसते आणि पुढच्या पिढीत निराशा करते.

उत्तर : खाद्यरसायन, पुणे

सरांनी साखरेची बाजू मांडली आहे, त्यामुळे मी दुसऱ्या शंकेविषयीच लिहिते. रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजत नाही. रसात विरघळलेल्या सर्व पदार्थांमुळे प्रकाश किती वळतो ते मोजतो. त्यात साखरेचा वाटा मोठा असला तरी सायट्रिक आणि मॅलिक आम्ले, ग्लुटामिक आम्लासारखी अमिनो आम्ले आणि क्षारही असतात. म्हणून दोन झाडांचे ब्रिक्स सारखे असूनही एक आंबटगोड आणि एक मिळमिळीत लागू शकते. आपल्या ८ ब्रिक्सच्या झाडात आम्लता फारच कमी असण्याची शक्यता मला अधिक वाटते. ती घरच्या घरी ताडून पाहता येते: त्या रसात लिंबाचे दोन थेंब घालून चाखा. चव एकदम उठून आली तर दोष आम्लतेचा आहे. तरीही ती सपाटच राहिली तर सुगंधी द्रव्ये कमी आहेत.

टोमॅटोमध्ये चारशेहून अधिक बाष्पशील (हवेत उडून वास देणारी) द्रव्ये आढळतात, परंतु माणसाच्या नाकाला जाणवतील एवढ्या प्रमाणात त्यांपैकी जेमतेम वीसएक असतात. ती वेगवेगळ्या मार्गांनी तयार होतात. ताज्या कापलेल्या फळाचा हिरवा वास मेदाम्लांपासून, फुलासारखा गोडसर वास फेनिलॲलॅनिन या अमिनो आम्लापासून आणि फळाला फळपण देणारा बीटा-आयोनोन किंवा जेरॅनियल यांच्यासारखा वास लाल-नारिंगी रंगद्रव्ये तुटून तयार होतो. याच कारणाने फळाचा रंग बदलला की वासही बदलतो. पिवळ्या आणि लाल टोमॅटोची चव वेगळी वाटते ती केवळ डोळ्यांची फसवणूक नव्हे.

फ्लोरिडा विद्यापीठात हॅरी क्ली आणि डेनिस टीमन यांच्या गटाने अनेक जुने वाण लोकांना चाखायला देऊन, त्यांच्या पसंतीची तुलना फळांच्या रासायनिक पृथक्करणाशी केली. २०१२ मध्ये त्यांनी दाखवले की काही सुगंधी द्रव्ये साखर न वाढवताही फळ अधिक गोड असल्याची जाणीव करून देतात. हा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे, कारण साखर वाढवण्याची किंमत आकारात किंवा उत्पादनात मोजावी लागते, तर ही द्रव्ये इतक्या अल्प प्रमाणात असतात की ती तयार करण्याचा भार झाडावर जवळजवळ पडत नाही. २०१७ मध्ये याच गटाने सहकाऱ्यांसह ३९८ आधुनिक, जुन्या आणि रानटी वाणांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महत्त्वाची १३ सुगंधी द्रव्ये आधुनिक वाणांत जुन्या वाणांच्या तुलनेत लक्षणीय कमी आढळली. कोणी ती जाणूनबुजून काढून टाकली नव्हती. पैदासकारांनी उत्पादन, रोगप्रतिकार आणि टिकाऊपणा पाहिला, चव पाहिली नाही, आणि न पाहिलेला गुण पिढ्यांमागून पिढ्या गळत गेला.

तेव्हा ते ६ ब्रिक्सचे झाड सोडू नका. माझा सल्ला असा की आधी वजन आणि ब्रिक्स यांवरून झाडे निम्म्यावर आणावीत आणि अंतिम निवड जिभेवर करावी. चाखणाऱ्याला झाडाचा क्रमांक किंवा ब्रिक्स सांगू नये आणि फळे फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नयेत. ५ अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोत साखर आणि आम्ल जवळपास तेवढेच राहते, परंतु सुगंधी द्रव्ये घटतात आणि फळ पुन्हा बाहेर ठेवले तरी ती पूर्णपणे परत येत नाहीत, हे २०१६ मध्ये दाखवले गेले आहे.

उत्तर : टोमॅटो उत्पादक, नारायणगाव परिसर

दादा, आपला प्रयोग चांगला आहे, परंतु विक्रीचा विचार असेल तर बाजाराची बाजूही ऐकून घ्या. आमच्याकडे माल २० किलोच्या क्रेटवर विकला जातो आणि व्यापारी रंग, आकार, कडकपणा आणि लांबच्या प्रवासात टिकण्याची क्षमता पाहतो. ब्रिक्स विचारणारा खरेदीदार भाजी मंडईत मला अद्याप भेटलेला नाही. दूरच्या बाजारासाठी तोडा करताना टोकाला जेमतेम रंग चढलेली फळे घ्यावी लागतात. फळ तोडल्यानंतर रंग चढतो, पण वेलीकडून येणारी साखर तिथेच थांबते, त्यामुळे उत्तम वाणसुद्धा अशा तोड्यात आपली चव दाखवत नाही. शिवाय पातळ सालीची, रसदार फळे पावसाच्या एका सरीत तडकतात.

ब्रिक्सला थेट पैसा मिळू शकतो तो प्रक्रिया उद्योगात. २८ ब्रिक्सची एक किलो पेस्ट करायला ४.५ ब्रिक्सचे टोमॅटो सव्वासहा किलोच्या आसपास लागतात, तेच ५.५ ब्रिक्सचे असतील तर पाच किलोंपेक्षा थोडे अधिक पुरतात, आणि पाणी आटवण्याचे इंधन वाचते ते वेगळेच. ताज्या फळासाठी मात्र थेट ग्राहकाला, वेलीवर पिकवून देता येत असेल तरच गोड वाण परवडेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता : द्राक्षबागाईतदार, निफाड

सर्वांचे मनापासून आभार. विक्री नाशिकमधील ओळखीच्या ग्राहकांनाच करायची असल्यामुळे फळ वेलीवर पिकवता येईल. लिंबाच्या थेंबांची परीक्षा घेतली; ताई, आपला अंदाज बरोबर निघाला, त्या फळात आंबटपणाच नव्हता. आता आणखी तीन गोष्टी विचारतो. माझ्या गावठी वाणावर लीफ कर्ल (पाने वळवणारा विषाणूजन्य रोग) फार येतो, तर प्रतिकारक्षमता कुठून आणावी? चेरी टोमॅटोचे बी एका कंपनीच्या संकरित वाणाचे होते, तर त्यातून स्वतःचा वाण काढणे कायदेशीर आहे का? आणि जनुक संपादनाने (झाडाच्या जनुकात नेमका बदल करण्याच्या तंत्राने) गोड टोमॅटो तयार झाल्याचे वाचले, ते खरे असेल तर आमच्यासारख्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत बसण्यात अर्थ आहे का?

उत्तर : बीज-हक्क अभ्यासक

कायद्याविषयी निश्चिंत राहा. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ च्या कलम ३० नुसार नोंदणीकृत वाणाचाही नवा वाण निर्माण करण्यासाठी मूळ स्रोत म्हणून उपयोग करता येतो. संकरित बियाण्याच्या व्यापारी उत्पादनासाठी तोच वाण पालक म्हणून पुन्हा पुन्हा वापरायचा असेल तेव्हा परवानगी लागते, आणि आपला हेतू तो नाही. कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याने विकसित केलेल्या नव्या वाणाची नोंदणी पैदासकाराच्या वाणाप्रमाणेच होऊ शकते. त्यासाठी वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो, म्हणून आजपासूनच प्रत्येक पिढीच्या नोंदी आणि छायाचित्रे ठेवा.

उत्तर : भाजीपाला पैदासकार (निवृत्त)

लीफ कर्लसाठी तो पसरवणारी पांढरी माशी आवरण्याबरोबरच प्रतिकारक पालक घ्यावाच लागेल. प्रचलित प्रतिकार जनुके रानटी जातींमधूनच आली आहेत: टीवाय-१ हे सोलॅनम चिलेन्सेमधून आणि टीवाय-२ हे सोलॅनम हॅब्रोकायटिसमधून, ज्यावर हिसारच्या कृषी विद्यापीठात एच-२४ ही ओळ तयार झाली. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे. आपली निवडलेली गोड झाडे अशा वाणाशी संकरित केल्यास प्रतिकारक्षमता येईल, परंतु मोठे, कडक फळही सोबत येईल आणि साखर पुन्हा खाली घसरेल. त्यामुळे त्या संततीचा एकदा आपल्या गोड झाडाशी उलट संकर करावा आणि रोगाच्या हंगामात निवड करावी, म्हणजे प्रतिकार नसलेली झाडे आपोआप बाहेर पडतील.

जनुक संपादनाची बातमी खरी आहे. चिनी संशोधकांनी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नेचर या नियतकालिकात दाखवले की सीडीपीके २७ आणि त्याचे भावंड असलेले सीडीपीके २६ ही दोन जनुके फळात साखर साठण्यावर ब्रेक लावतात. ती सुक्रोज फोडणाऱ्या एका विकराचा नाश घडवून आणतात. दोन्ही निकामी केल्यावर फळाचे वजन आणि उत्पादन न घटता ग्लुकोज व फ्रुक्टोज ३० टक्क्यांपर्यंत वाढले. बिया मात्र कमी आणि हलक्या झाल्या, तरी त्या नीट उगवल्या. भारतातही परकीय जनुक शिल्लक नसलेल्या संपादित वनस्पतींना मार्च २०२२ मध्ये काही जैवसुरक्षा नियमांतून सूट मिळाली आणि २०२५ मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीर झाले. तरीही आपली निवड निरर्थक ठरत नाही. ३० टक्के वाढ झाली तरी ४ ब्रिक्सचे फळ ५ च्या आसपासच पोहोचते आणि त्याचा सुगंध होता तिथेच राहतो. आपण गावठी वाणाचा सुगंध आणि चेरीची साखर एका झाडात जुळवत आहात, आणि ते काम आजही शेतात उभे राहूनच करावे लागते.

पुढच्या हंगामाविषयी थोडे सांगतो. दुसऱ्या पिढीतील एकेका झाडाचे ब्रिक्स फारसे विश्वासार्ह नसते. पाण्याचा ताण, बांधावरची जागा, ढगाळ आठवडा यांपैकी कशानेही त्यात एक अंशाचा फरक सहज पडतो. म्हणून आठ-दहा झाडे निवडून प्रत्येकाचे बी वेगळ्या ओळीत लावा, प्रत्येक ओळीत बारा-पंधरा झाडे ठेवा आणि एका झाडावर न जाता पूर्ण ओळीच्या सरासरीवर निर्णय घ्या. मोजताना दुसऱ्या ते चौथ्या घोसातील, पूर्ण लाल झालेली, सारख्या पक्वतेची फळे घ्या. पाणी देण्याआधी सकाळी तोडा आणि गर व बियांभोवतीचा रस एकत्र करून फडक्यातून गाळा, कारण त्या दोन भागांची रचना वेगळी असते. ताणावर ठेवून ब्रिक्स वाढवण्याचा मोह टाळा. जपानमध्ये ताज्या फळासाठी ती पद्धत मुद्दाम वापरतात, परंतु पैदासीच्या ओळीत तिने फक्त दिशाभूल होते.

शेवटी एक खूण, जी डोळ्यांनी दिसते. कच्च्या फळाचा देठाजवळचा भाग गडद हिरवा असेल तर ते झाड वेगळे नोंदवा. एकसारखी फिकट हिरवी फळे देणारा अप्रभावी गुण पैदासकारांनी गेल्या शतकात सर्वत्र पसरवला, कारण त्यामुळे फळ समान रंगाने पिकते. २०१२ मध्ये असे दिसले की त्या गुणामुळे जीएलके २ हे जनुक निकामी होते आणि फळातील हरितलवके (पेशींतील हरितद्रव्याचे कण), त्यांबरोबर थोडी साखरही, कमी होते. आपल्या दोन पालकांपैकी एकच हिरव्या खांद्याचा असेल तर दुसऱ्या पिढीत साधारण तीनास एक या प्रमाणात दोन्ही प्रकारची झाडे मिळाली असतील. उन्हाळ्यात असे खांदे पिवळे व कडक राहतात आणि मंडईत त्यांना कोणी हात लावत नाही. आपल्या ओळखीच्या ग्राहकांना मात्र त्याचे कारण सांगता येईल. आलेखावर हिरव्या खांद्यांचे ठिपके वेगळ्या शाईने काढा आणि ते रेषेच्या वर जास्त दिसतात का, ते कळवा.